फडके कोणाच्या हाती?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'सर, आपल्या जपानमधील वास्तव्यावर काही लिहा' असे सुचविले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा भव्य बुद्धमूर्ती, साकुराची फुले आणि वायुवेगाने धावणारी रेल्वे असावी. हे सारे आम्ही पाहिले आणि ते सुंदरच आहे. परंतु आम्ही तेथे मास्तर म्हणून राहिलो. मास्तराला देश दिसतो तो शाळेच्या दारातून. तेव्हा हा लेखही त्याच दारातून आत शिरेल.

जपानचे शिक्षण मंत्रालय परदेशांतील पस्तिशीच्या आतील, सेवेत असलेल्या शिक्षकांना दीड वर्षाची शिष्यवृत्ती देते. प्रारंभी सहा महिने भाषा, नंतर विद्यापीठात अध्यापनशास्त्राचा अभ्यास आणि जोडीला स्थानिक शाळेशी संबंध, असे आमच्या बाबतीत तिचे स्वरूप होते. संस्थेने रजा मंजूर केली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये आम्ही नारा या जुन्या राजधानीच्या शहरी पोहोचलो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भदन्त सुरई ससाई यांना आम्ही तरुणपणापासून पाहत आलो होतो. जपानमधून येऊन नागपूरकर झालेले ते भिक्खू, आणि त्यांच्या उलट वाटेने निघालेला हा एक शाळामास्तर, एवढेच नाते मनाशी जुळवून आम्ही विमानात बसलो होतो.

नाराला पोहोचल्यावर कळले की या वाटेने जाणारे आम्ही पहिले नव्हेत. इ. स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचे भारतीय भिक्खू चीनमार्गे जपानला आले, नाराच्या दाइआन-जी विहारात राहिले, तेथे शिकविले, आणि ७५२ मध्ये तोदाई-जीच्या महाबुद्धमूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधी त्यांच्याच हस्ते झाला. भारतातून गेलेला हा जुना शिक्षक. आमच्या धंद्याचा पूर्वज म्हणावा असा. परंतु जपानी इतिहासग्रंथांत त्यांना ज्या नावाने ओळखतात ते आहे 'बारामोन सोजो', म्हणजे ब्राह्मण महास्थविर! चीवर धारण केले, समुद्र ओलांडला, आयुष्य परक्या भूमीत वेचले, तरी जन्माची जात बाराशे वर्षे नावाला चिकटून राहिली. आम्ही ती पाटी वाचली आणि एकटेच हसलो. सोबतच्या जपानी गृहस्थांना त्या हसण्याचे कारण समजावून सांगायला तेव्हा आमच्यापाशी पुरेशी भाषा नव्हती.

एप्रिल २००४ पासून आम्ही आठवड्यातून तीन दिवस एका सरकारी प्राथमिक शाळेत जाऊ लागलो. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्या सुमारास तेथील अभ्यासक्रमात 'समन्वित अध्ययनाचा तास' नव्याने आला होता. पाठ्यपुस्तकाच्या चौकटीबाहेरचे काही मुलांना भेटावे, हा त्याचा हेतू. आम्ही त्या तासाचे पाहुणे शिक्षक. मुले आम्हांला 'इंदो नो सेन्सेई', भारताचे गुरुजी, म्हणत. सहकारी मात्र तेथील रिवाजाप्रमाणे आडनावाला 'सेन्सेई' जोडून हाक मारीत.

या आडनावाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. आपल्याकडे आडनाव उच्चारले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हिशेब सुरू होतो. तो हिशेब ओळखण्यात आपण सारेच इतके तरबेज झालो आहोत की तो नसला तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. नाराच्या त्या शिक्षक-खोलीत तो नव्हता. आमच्या आडनावाची चार अक्षरे त्यांच्या जिभेवर नीट बसत नसत, इतकीच काय ती त्यांची अडचण. वयाच्या चौतिसाव्या वर्षी आमचे आडनाव प्रथमच केवळ एक आडनाव झाले होते. हे सुख किती दिवस टिकावे? कोबे येथे भारतीयांच्या एका स्नेहमेळाव्यास गेलो असता एका सुशिक्षित मराठी गृहस्थांनी आधी गाव विचारले, मग आडनाव, मग 'म्हणजे आपण नेमके कोण?' आम्ही सरळ सांगितले. त्यानंतर त्यांनी कोबेच्या हवामानाची माहिती दिली.

शाळेचा दिवस जोड्यांपासून सुरू होतो. प्रवेशद्वारापाशी प्रत्येकाच्या नावाचा लाकडी कप्पा. बाहेरचे जोडे त्यात ठेवायचे आणि 'उवाबाकी' म्हणजे आत वापरायचे कापडी बूट घालायचे. मुख्याध्यापकांचाही कप्पा तेथेच. शिक्षकांना स्वतंत्र दालने नाहीत; एका मोठ्या खोलीत सर्वांची टेबले समोरासमोर मांडलेली, आणि त्यांवर वह्यांचे असे ढीग की पलीकडच्या सहकाऱ्याचे फक्त कपाळ दिसावे. सकाळी उभ्याने पाच-दहा मिनिटांची सभा. मग वर्गात 'उभे राहा, नमस्कार, बसा' हे सांगण्याचे काम त्या दिवसाच्या पाळीच्या मुलाचे. पाळी प्रत्येकावर येते. वर्गातील सर्वांत अबोल मुलगीदेखील वर्षातून कितीतरी वेळा साऱ्या वर्गाला उभे करते. थंडीत आम्ही दोन स्वेटर घालून कुडकुडत असू आणि मुले अर्ध्या चड्डीत मैदानावर धावत असत, हेही नोंदवून ठेवावे.

दुपारचे जेवण, 'क्यूशोकु', हा त्या शाळेतील आमचा सर्वांत आवडता विषय. स्वयंपाक शाळेच्या स्वयंपाकगृहात होतो, पण वाढप मुलांचे. पाळीची मुले पांढरे अंगरखे, टोप्या आणि मुखपट्ट्या बांधून जड भांडी वर्गापर्यंत आणतात आणि एकेकाला वाढतात. शिक्षकही त्याच वर्गात, तेच अन्न, त्याच मापाने घेऊन मुलांसोबत बसतो. मुख्याध्यापकांनी अर्धा तास आधी ते जेवून पाहायचे असते. अन्नात काही दोष असेल तर तो प्रथम त्यांच्या पोटाला कळावा, अशी ती व्यवस्था. सर्वांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. मग हात जोडून 'इतादाकिमासु' आणि जेवण सुरू.

या प्रथेचा उगम शोधता आम्हांला एक गोष्ट सापडली, ती आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावीशी वाटते. जपानमध्ये शालेय भोजनाचा आरंभ १८८९ साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका या गावी झाला, असे मानतात. तेथील भिक्खूंनी दाइतोकु-जी विहारात गरीब मुलांसाठी शाळा काढली होती. मुले डबा आणू शकत नाहीत हे पाहून त्यांनी भिक्षा मागून भाताचे मुटके, भाजलेला खारा मासा आणि लोणचे अशी शिदोरी देण्यास सुरुवात केली. शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा त्यानंतर बऱ्याच काळाने, १९५४ मध्ये आला. आपल्या वसतिगृहाच्या पहिल्या वर्षी दारोदार फिरून जमविलेल्या धान्यावर ज्यांनी दिवस काढले, त्यांना त्सुरुओकाचे भिक्खू परके वाटणार नाहीत. आपल्याकडे शालेय पोषण आहार शिजविणारी बाई दलित आहे म्हणून मुलांना ताटे परत करायला लावल्याच्या बातम्या आपण सर्वांनीच वाचलेल्या आहेत. नाराच्या वर्गात वाढणाऱ्या मुलाचे कुल, घर, वस्ती विचारण्याची पद्धत आम्हांला दिसली नाही. रस्सा कमी वाढला अशी तक्रार मात्र रोज ऐकू येई.

जेवणानंतर ध्वनिक्षेपकावर एक गाणे लागते आणि सारी शाळा झाडू-फडके हाती घेते. याला 'सोजी' म्हणतात. बाके मागे सरकवली जातात. सहावीतील मुलगा पहिलीतील मुलाला फडके पिळायला शिकवितो. जुन्या टॉवेलची शिवलेली ती फडकी मुलांनी घरून आणलेली असतात. लांब ओसरीवर ओळीने ओणवे होऊन, दोन्ही हात फडक्यावर टेकून, मुले धावत फरशी पुसत जातात; कोण आधी पोहोचतो याची शर्यत लागते. मोठ्या वर्गांकडे शौचालयेही असतात. शिक्षक देखरेख करीत उभे राहत नाहीत, तेही पुसतात. डागडुजी आणि बागकाम करणारा एक कर्मचारी शाळेत आहे, पण तो या वीस मिनिटांत मुलांची कामे उरकून देत नाही.

पहिल्या दिवशी एका छोट्या मुलीने आमच्या हाती फडके दिले. आम्ही ते घेतले आणि काही क्षण तसेच उभे राहिलो. त्या मुलीला वाटले, भारतात फडके नसेल. तिने ते कसे धरायचे हे करून दाखविले. फडके आमच्या हातांना चांगले ठाऊक होते. मराठवाड्यातील ज्या गावच्या शाळेत आम्ही अक्षरे गिरविली, तेथे आवार झाडण्याचे काम कोणाकडे जाई हे गुरुजींना कधी मोठ्याने सांगावे लागले नाही. आमच्या वस्तीतील चार मुले घंटेच्या आधी येत, इतर घंटेनंतर. बाबासाहेबांनी सातारच्या शाळेत वेगळे गोणपाट अंथरून बसण्याची आणि शिपाई नसेल तर तहानलेले राहण्याची हकीकत लिहून ठेवली आहे. आमच्या काळापर्यंत गोणपाट गेले होते. झाडू राहिला होता.

ऑक्टोबरमध्ये सहावीच्या वर्गात भारताविषयी तास घेत असताना एका मुलाने घरच्या ज्ञानकोशातून उतरवून आणलेले चित्र दाखविले. चार मजल्यांचा मनोरा: वर ब्राह्मण, तळाशी शूद्र. त्याने अत्यंत अदबीने विचारले, "सेन्सेई, तुम्ही यात कोठे?" वर्गशिक्षिका अस्वस्थ झाल्या. आम्ही खडू घेतला, फळ्यावर तोच मनोरा काढला, त्याच्या खाली जमिनीची रेघ ओढली आणि रेघेच्या खाली बोट ठेवले. या चित्रात आमचे पूर्वज नाहीतच, त्यांना मनोऱ्याबाहेर ठेवले होते, हे सांगितले. पाण्याविषयी सांगितले, १९२७ च्या महाडविषयी, राज्यघटनेच्या १७ व्या कलमाविषयी आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंसह तो मनोराच कसा सोडला, हेही आमच्या मोडक्या जपानीत सांगितले. 'बुद्ध' हा शब्द ऐकून मुलांचे चेहरे उजळले, कारण तो त्यांच्या ओळखीचा होता. मग मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "तेव्हा तुमच्या शाळेत सोजी कोण करत होते?"

हा प्रश्न आम्हांला आजवर एकाही भारतीय मनुष्याने विचारलेला नाही. आम्ही जे होते ते सांगितले. मुलीने काही क्षण विचार केला आणि म्हणाली, "झुरुई." तेथील मुले खेळात कोणी लबाडी केली की हा शब्द वापरतात. आमच्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात जातिव्यवस्थेची बरीच विवेचने होती. त्यांत हा शब्द नव्हता.

त्या संध्याकाळी शिक्षक-खोलीत निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यांनी स्वतः चहा करून आमच्यापुढे ठेवला आणि रविवारी मोकळे आहात का असे विचारले. मानवी हक्क शिक्षणाचे काम त्यांच्याकडे होते. रविवारी ते आम्हांला रेल्वेने नारा प्रांतातील गोसे येथे घेऊन गेले. तेथील काशिवाबारा वस्तीत १९९८ साली उघडलेले 'सुइहेइशा' संग्रहालय आहे. जपानमध्येही एक बहिष्कृत समाज आहे, तो कातडे कमावण्याची, मेलेली जनावरे ओढण्याची कामे करीत असे, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. १८७१ च्या फर्मानाने त्यांची हीन नावे कायद्यातून गेली. पण पुढच्याच वर्षी झालेल्या कुटुंब-नोंदणीत त्यांपैकी अनेकांपुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा पडला आणि त्या 'नवे'ने सगळे जुने परत आणले. शाळांतही कित्येक ठिकाणी त्यांची मुले वेगळी बसविली गेली, वेगळ्या शाळांत घातली गेली. या समाजातील तरुणांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा' म्हणजे 'समतल समाज' ही संघटना स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची याच काशिवाबारातील विहारात जन्मले होते. काळ्या ध्वजावर रक्तवर्णी काट्यांचा मुकुट, हे त्यांचे निशाण. चवदार तळे त्यानंतर पाच वर्षांनी. त्या ध्वजापुढे उभे असताना आम्हांला परदेशात असल्यासारखे वाटेना.

आमच्या सहकाऱ्यांनीच आम्हांला नागाहामाची हकीकत सांगितली. कोची शहरातील नागाहामा या भागात १९६१ साली अशाच वस्तीतील आयांनी एकत्र बसून संविधान वाचायला घेतले. सक्तीचे शिक्षण मोफत असेल असे २६ वे कलम म्हणते, तर मग पुस्तकांचे पैसे आम्ही का मोजायचे, असा प्रश्न त्यांनी केला आणि पुस्तके विकत घेण्यास नकार दिला. १९६३ पासून जपानमध्ये पाठ्यपुस्तके मोफत मिळू लागली, टप्प्याटप्प्याने सर्व मुलांना; कारखानदाराच्या मुलाला, पुरोहिताच्या मुलाला आणि चर्मकाराच्या मुलालाही. वर्गात मुलांच्या बाकावर ती कोरी पुस्तके पाहताना आम्हांला तोवर वाटत असे की ही सरकारची कृपा असावी.

परंतु याच प्रवासात आणखीही एक गोष्ट कळली आणि ती आपल्या धम्मबांधवांपासून दडविण्यात अर्थ नाही. जपानमध्ये मृत व्यक्तीस विहारातून धम्मनाम देतात आणि ते थडग्यावर कोरतात. या बहिष्कृतांना जी नावे दिली गेली, त्यांत 'पशू', 'कातडे', 'दास' अशा अर्थांची चिन्हे घातलेली आढळतात. मेल्यानंतरही वस्ती ओळखता यावी, अशी ही तजवीज बौद्ध पुरोहितांनीच केली. १९७९ मध्ये प्रिन्स्टन येथील जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका श्रेष्ठ पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे विधान केले. त्यावर मोठा क्षोभ झाला, पुढे पंथाने माफी मागितली आणि थडग्यांवरील नावे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीच भिक्खू कशासाठी, असा प्रश्न का उपस्थित केला, ते आम्हांला गोसेच्या त्या काचेच्या कपाटापुढे जितके समजले तितके वर्गात शिकविताना समजले नव्हते.

परतीच्या गाडीत सहकारी बराच वेळ गप्प होते. १९७५ मध्ये उघडकीस आलेल्या त्या गुप्त याद्यांविषयी ते बोलले. अशा वस्त्यांची नावे छापून त्या विकल्या जात आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी नोकरभरतीसाठी त्या घेतल्या होत्या. मग खिडकीबाहेर पाहत त्यांनी सांगितले की त्यांच्या मुलीचे ठरलेले लग्न वराकडील मंडळींनी चौकशी केल्यावर मोडले. एवढेच. आम्ही काही विचारले नाही. सोमवारी दुपारी गाणे लागले तेव्हा ते नेहमीप्रमाणे जिन्यावर फडके घेऊन बसलेले होते आणि त्यांच्यासोबत पुसणाऱ्या सात-आठ मुलांना यातले काहीही ठाऊक नव्हते.

म्हणून जपानी शाळेची आरती ओवाळणारे लेख वाचले की आम्हांला थोडी अस्वस्थता येते. शाळेत नऊ वर्षे एकत्र फरशी पुसलेली, एका भांड्यातले जेवलेली माणसे लग्नाच्या वेळी वस्ती विचारतात, हे आम्ही ऐकून आलो. आणि तरीही त्या वीस मिनिटांत जे घडते ते खोटे नाही, असेच आमचे मत आहे. त्या मुलीला 'झुरुई' म्हणता आले, कारण आदल्या दिवशी तिने स्वतः ओसरी पुसली होती.

मार्च २००५ मध्ये परतलो आणि जूनपासून आपल्या शाळेत मुलांनी पाळीने स्वच्छता करावी, असा प्रस्ताव मांडला. पहिल्याच पालक सभेत एक माउली उभ्या राहिल्या. त्या नगरपालिकेत सफाई कामगार होत्या. त्या म्हणाल्या, "सर, माझ्या सासूनं गाव झाडलं, मी शहर झाडते. पोरगी इथं टाकली ती झाडूपासून लांब ऱ्हावी म्हणून. आन् तुम्ही जपान बघून आलात, तर तिच्याच हातात झाडू देता व्हय?" सभेत टाळ्या पडल्या, आणि त्या योग्यच होत्या. घाणीची कामे सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्या समाजाला सांगितले ते काही हौस म्हणून नव्हे. नाराच्या मुलाच्या हातातील फडके त्याला आजोबांकडून मिळालेले नसते. आपल्याकडे ते वारसाहक्काने येते. आणि आजही कितीतरी शाळांत शौचालय धुण्यासाठी कोणत्या मुलांना उठविले जाते, हे आपण जाणतो. शहरातील श्रीमंत शाळेने सोजी सुरू केली तर ती समता ठरेल. आपल्या मुलांच्या बाबतीत तीच गोष्ट पुन्हा जुन्या पायरीवर नेऊन उभी करू शकते.

त्या सभेनंतर तीन महिने शिक्षक-खोलीत वाद झाले. अखेर जे ठरले ते असे: आधी शिक्षकांचे शौचालय शिक्षकांनीच दर शनिवारी स्वच्छ करायचे, पहिला क्रमांक मुख्याध्यापकांचा, संस्थेचे पदाधिकारी भेटीस आले तर त्यांचाही. हे एक वर्ष अखंड चालले तरच मुलांची पाळी लावायची, तीही चिठ्ठ्या टाकून. आणि स्वच्छतेचे काम शिक्षा म्हणून कोणालाही, कधीही द्यायचे नाही. हा शेवटचा नियम आमच्या हस्ताक्षरात फलकावर आहे. माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल.

पुढच्या महिन्यात त्या माउली मुलीला भेटायला आल्या. फलकापुढे बराच वेळ उभ्या राहून त्यांनी सारी नावे वाचली आणि हे गुरुजी लोक खरोखर धुतात काय, असे शिपाईमामांना विचारले. शनिवारी येऊन पाहा, असे मामा म्हणाले. त्या शनिवारी त्या सकाळी आठलाच आल्या, ओसरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि आमचे काम संपेपर्यंत तेथून हलल्या नाहीत.